शब्दांचा सट्टा

अमेरिकेत ‘काल्शी’, ‘पॉलिमार्केट’ या बाजारांत नेता भाषणात कोणता शब्द उच्चारेल यावर पैसे लागतात. ऑक्टोबर २०२५मध्ये ‘कॉइनबेस’ या क्रिप्टो कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी तर तिमाही निकालांच्या बैठकीत शेवटी पैजेतले शब्दच वाचून दाखवले.

गडचिरोलीत हा बाजार पहिल्याच दिवशी झोपेल.

चंद्रपुरातून १९८२ साली वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे पालकमंत्री खुद्द मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. माईक हाती आला की ‘स्टील हब’ आणि ‘शेवटचा नव्हे, पहिला जिल्हा’ पक्के. उलट पैज घेणार कोण? भाव फुटेल तो भाषणात येण्याची खात्री नसलेल्या ‘वाघ’ आणि २०२१पासून मुक्कामी असलेल्या ‘रानटी हत्ती’ला.

तसेही २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ बंद केलेत. श्रोत्यांनी चहाचीच पैज लावावी.