पोटभाडेकरूस पत्र

रा. रा. कॉक्सॅकी बी विषाणू यांस,
मु. पो. स्वादुपिंड.



आपण आलात तेव्हा दोन दिवस ताप, थोडं नाक वाहिलं, डॉक्टर म्हणाले ‘व्हायरल आहे’. तिसऱ्या दिवशी लेक शाळेत. आम्हाला वाटलं, पाहुणा गेला. आपण मात्र पोटभाडेकरू निघालात! वर्षभरानं लेक रात्री उठून तांबेच्या तांबे पाणी पिऊ लागली, सातव्या वर्षी पुन्हा गादी ओली करू लागली, मोरीत मुंग्यांची रांग लागली. साखर निघाली ४८६. टाइप १ मधुमेह.

तो ताप आपलाच होता, याचा पुरावा माझ्याकडे नाही. संशय घेतो तो आपल्या जुन्या कीर्तीमुळे. १९४८ मध्ये हडसनकाठच्या कॉक्सॅकी गावात, पोलिओचा संशय असलेल्या मुलांच्या शौचात आपलं घराणं प्रथम सापडलं. (गावाची काय चूक, पण नाव कायमचं चिकटलं.) १९७९ मध्ये अमेरिकेत मधुमेहानं दगावलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून आपल्या बी-४ भावाला बाहेर काढून उंदरांना टोचलं, तर त्यांचीही साखर चढली.

इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर आपल्याला आत शिरायला हवी तीच कडी असते, हे आपण बरं हेरलंत. आपल्या जनुकसाखळीचं सुरुवातीचं टोक थोडं झडलं की आपली वाढ मंदावते, पण मुक्काम लांबतो. हृदयाच्या नि स्वादुपिंडाच्या पेशींत तसे अवतार सापडलेत. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात मुलांच्या शौचाचे नमुने तपासले, तर चार दिवस येऊन जाणारे तुमचे भाईबंद फारसे दोषी ठरले नाहीत. बीटा पेशींवर उलटणारी प्रतिपिंडं दिसली ती मुक्काम ठोकणाऱ्यांच्या बाबतीत. म्हणजे संशय असा, की आपण कोपऱ्यात गप्प बसता नि शोधायला आलेले आमचेच शिपाई घरमालकाला बडवतात. काय हो ही अक्कल!

नॉर्वेत नुकताच मधुमेह झालेल्या मुलांना सहा महिने विषाणूरोधक औषधं दिली. २०२३ चा निकाल असा, की वर्षाअखेर औषध घेतलेल्यांचं स्वतःचं इन्सुलिन जास्त टिकलं होतं. नोटीस निघाली म्हणायची. आमच्या घरी ती उशिरा पोचली.

आमच्या फ्रिजच्या दारात आता लिंबांशेजारी इन्सुलिनची पेनं असतात. गणपतीत लेक मोदक उचलण्याआधी युनिटं मोजते. परवा विचारलंन, “बाबा, नैवेद्याच्या मोदकालाही टोचायचं?”

पहाटेचे तीन वाजलेत, तिची साखर बघायचीय. हल्ली ती झोपेतच हात पुढे करते. आज अनामिकेची पाळी.

आपला,
घरमालक