रेक्याविकहून आप्पांना

ती. आप्पांस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “एवढ्या थंडीत आणि अंधारात तिथली माणसं करतात तरी काय?” बँड काढतात, आप्पा. डिसेंबरात सूर्य अकरा वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. मग माणसाने करावं काय?

अख्ख्या आइसलँडची वस्ती चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षाही कमी. एवढ्याशा माणसांत बँड मात्र इतके, की एकेकाला दोन-तीन बँडांत वाजवावं लागतं. गेल्या आठवड्यात रेडिएटर दुरुस्त करायला एक दाढीवाला आला. पाना फिरवता फिरवता म्हणाला, “शनिवारी या, मी बास वाजवतो.” आम्ही गेलो. तिकीट फाडायला उभी होती ती आमच्या लायब्ररीतली बाई, आणि अर्ध्या तासाने तीच ड्रमवर! तुमच्या जावयांनी कानांत कापूस घातला होता, पण टाळ्या मनापासून वाजवल्या. रेडिएटर पुन्हा बिघडला तर काय, ही त्यांची धास्ती.

इथला सर्वांत नावाजलेला बँड सिगुर रोस. 1994 साली बँड निघाला तेव्हा गायक योन्सीला नुकतीच बहीण झाली होती, तिचंच नाव बँडला दिलं. हा योन्सी गिटार छेडत नाही, सारंगीसारखा गजाने वाजवतो. 2002 च्या अल्बममध्ये एकाही गाण्याला नाव नाही आणि शब्दांना अर्थ नाही. तुमचा नातू मला समजावत होता, की हे फार आधुनिक आहे. मी म्हटलं, बाळा, तुझे आजोबा पहाटे तराणा गातात, त्यात कुठला अर्थ असतो? एका जुन्या पोहण्याच्या तलावाचा या मंडळींनी स्टुडिओ केला. आपल्याकडे आधी पाण्याच्या बिलावरून भांडण झालं असतं.

आणि हे ऐका. ‘शुगरक्यूब्ज’ नावाचा बँड होता, गायिका ब्योर्क त्यातलीच. तिच्या जोडीने माइकवर आरडाओरडा करणारा आयनार ओर्न 2010 साली रेक्याविकचा नगरसेवक झाला. त्याच्याच पक्षाचा योन ग्नार महापौर झाला, तो विनोदी नट. तुमची उभी हयात नगरपालिकेत गेली म्हणून मुद्दाम कळवते, की महापौरांनी चार वर्षांची मुदत पूर्ण केली.

हे सगळं येतं कुठून? मासेमारीच्या लहानशा गावातही संगीतशाळा असते आणि तिचा बराचसा खर्च नगरपालिका उचलते. शिवाय 1982 पासून पोराटोरांच्या बँडांची एक स्पर्धा भरते. 2010 साली ‘ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन’ ती जिंकले आणि दोन वर्षांत त्यांचं गाणं अमेरिकेच्या रेडिओवर वाजू लागलं. पण मला विचाराल तर खरं कारण वेगळंच आहे. ऐकायला आलेले निम्मे लोक स्वतः कुठेतरी वाजवत असतात, त्यामुळे नाकं मुरडायला माणूसच शिल्लक राहत नाही. “यातून मिळतं काय?” असंही कोणी विचारत नाही, कारण फारसं मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. सकाळी जो तो आपापल्या कामावर.

आता मुख्य मुद्दा. आउसगेर नावाच्या पोराचा 2012 साली अल्बम निघाला. दहा माणसांमागे एकाच्या घरी तो आहे, असं इथे सांगतात. त्यातली बरीचशी गाणी लिहिली आहेत त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी! तुमच्या नातवाने शाळेत बँड काढलाय. गिटार आहे, ड्रम आहे, एकीला ट्रंपेट येतं. गाणी मात्र नाहीत. मराठी चालेल का, असं मी त्या मुलांना विचारलं, तर म्हणाली, अर्थ समजायलाच हवा असं थोडंच आहे!

तेव्हा कपाटातल्या वरच्या खणात, पेन्शनच्या कागदांखाली जी कवितांची वही तुम्ही लपवून ठेवली आहे, ती आईला सांगून स्कॅन करून पाठवा. आईला ती कुठे आहे हे पहिल्यापासून माहीत आहे. नोव्हेंबरात इथे ‘एअरवेव्ह्ज’ महोत्सव असतो, तेव्हा तुम्ही दोघं याच. भडंग आणा, आणि लोकरीची कानटोपी विसरू नका.

तुमची,
माई