पेडलपंत

आमच्या भजनी मंडळात दोन टाळकरी आजारी पडले तरी चालतं. पण पेडलपंतांचं अडॅप्टर घरी राहिलं तर दिंडी वेशीवरून माघारी फिरते. अडॅप्टरही साधं नाही. नऊ व्होल्टचं, आणि पिनेच्या आतली बाजू ऋण. एकदा मेहुण्यानं लेकराच्या खेळण्याचं उलट पिनेचं लावून दिलं आणि एक पेडल वर गेलं. पंतांनी ते अजून शोकेसमध्ये ठेवलंय. मेहुण्याशी बोलणं बंद आहे.

असा एक पंत आता तालुक्या-तालुक्याला सापडतो. चाळिशीच्या अलीकडचा, पक्क्या नोकरीचा. गिटार एक, पेडलं सात. पेडल म्हणजे पायानं दाबायची धातूची डबी. आकारानं साबणाच्या वडीएवढी आणि किमतीला शेळीएवढी. दोन्हीकडून वायर खुपसायची, मध्ये दोन-तीन नॉब. पंतांनी घरातला पितळी फुलांचा जेवणाचा पाट घेऊन त्यावर ही सातही पेडलं पट्टीनं चिकटवलीत. घरी पाहुणे आले की वहिनी एकाला सतरंजीवर बसवतात.

पाटावरचा क्रम ठरलेला. आधी ट्यूनर, मग कॉम्प्रेसर, वा-वा, डिस्टॉर्शन, कोरस, डिले आणि शेवटी रिव्हर्ब. मी एकदा विचारलं, रिव्हर्ब आधी लावला तर काय बिघडतंय? पंतांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"बाप्पा, भाकरी आधी दुधात कुस्करायची आन् मग तव्यावर टाकायची का?"

मला पटलं. घुमलेला आवाज डिस्टॉर्शनमध्ये घातला की त्याचा खरोखरच लगदा होतो.

कोणत्या गाण्याला कोणतं पेडल, हे ते वैद्यानं नाडी धरून सांगावं तसं सांगतात. गझलेला कोरस: एकच सूर जरा मागं-पुढं दोनदा वाजल्यासारखा, दोन बहिणींनी मिळून गायल्यासारखा. लावणीला वा-वा, म्हणजे पायाखाली तार 'वाव वाव' बोलते. वरातीला डिस्टॉर्शन. आणि भजनाला कॉम्प्रेसर.

"बारीक वाजलेलं वर येतंय, जोरात वाजलेलं खाली दबतंय."

"मग आमच्या अध्यक्षांनाच लावा की," असं कुणीतरी म्हणालं. अध्यक्ष शेजारीच होते.

डिस्टॉर्शनचा इतिहास पंत दर दिंडीत एकदा सांगतात. अमेरिकेत नॅशव्हिलला एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि गिटार घरघरायला लागली. १९६१ साली ते गाणं बाहेर आलं आणि लोकांना ती घरघर आवडली. पुढच्याच वर्षी 'माएस्ट्रो' कंपनीनं तोच बिघाड डबीत भरून विकायला काढला, आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सनं तो जगभर वाजवला. आम्ही मान डोलावतो. आमच्याकडं हा बिघाड प्रत्येक मंडपवाल्याच्या भोंग्यात फुकट मिळतो, हे त्यांना कोण सांगणार?

यंदा कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला गेलो. मन्मथस्वामींच्या समाधीला जाणाऱ्या दिंड्या, मांजरसुंब्याच्या बाजूनं माणसांची रीघ, जो तो समोरच्याला 'शरणार्थ' म्हणतोय. पंत पाट डोक्यावर घेऊन चालले होते. वाटेत दोघा-तिघांनी पाटाला नमस्कार केला. धबधब्यापाशी पोचल्यावर दर्शनाच्या रांगेत लागायचं सोडून ते कड्याकडं तोंड करून टाळ्या वाजवायला लागले.

"आवाज सेकंदाला ३४० मीटर पळतोय. कडा ८५ मीटरवर आसंल तर टाळी बरोबर अर्ध्या सेकंदानं माघारी येती. पाचशे मिलिसेकंद. निसर्गाचा डिले हाय हा, बाप्पा!" मग थोडं थांबून म्हणाले, "पण याला नॉब न्हाई."

पाण्याचा आवाज आणि शंभर टाळ यांत त्यांची टाळी काही माघारी आली नाही.

रात्री राहुटीत भजन उभं राहिलं. पंतांनी डिले पाचशेवर बांधला, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांची लय. अडचण अशी, की आमचा मृदंगी नव्वदवर बसतो आणि दीडशेवर उठतो. मधे कुठं थांबतो ते त्यालाही ठाऊक नसतं. डिले बिचारा शब्दाचा पक्का. लय पुढं, प्रतिध्वनी मागं, आणि दोघांच्या कात्रीत पंत. यावर उपाय म्हणून पेडलाला पायानं लय सांगता येते. ठेका धरून बटन दाबत राहायचं. पंत दाबायला लागले. लय चढली तसा पाय चढला. डोळे मिटलेले, घाम फुटलेला, पायाखाली लाल दिवे लुकलुकतायत.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. "अंगात आलंय लेकराच्या," म्हणत तिनं पंतांच्या कपाळाला विभूती लावली, उरलेली चिमूट पाटावर सोडली आणि एक रुपया ठेवून पाया पडली. तिच्या मागं रांग लागली. चौदा रुपये जमले. कोरसच्या नॉबमध्ये विभूती गेली ती गेलीच. अजून फिरवला की खर्रर्र करतो. पंत मात्र ते झाकायला वाकले नाहीत. एवढी दाद त्यांना गिटारीवर कधीच मिळाली नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

भजन संपल्यावर पंत माझ्यापाशी आले. "कॉम्प्रेसर कळला का?"

काय सांगणार! सातही पेडलांतून गाळून, निवडून, पाखडून आलेला तो आवाज शेवटी माइकवाल्याच्या मशीनमध्ये जात होता. त्या मशीनला 'इको' नावाचं एकच बटन. ते गणपतीपासून शेवटपर्यंत पिळलेलं होतं. तिथून पुढं झाडाला बांधलेला भोंगा. भोंग्यात खर्जही मरतो आणि वरची धारही. बाहेर आली ती गिटार, पेटी आणि अध्यक्षांचा खोकला, सगळं एकाच आवाजात, तीन-तीनदा.

पंत माइकवाल्याकडं गेले. हात जोडले. इको जरा कमी करा म्हणाले.

"इकोचे पैशे येगळे घेतलेत मालक," तो म्हणाला. "कमी कसा करू?"

तेव्हापासून पंत आठवं पेडल शोधतायत. दुसऱ्याच्या मशीनचा इको कमी करणारं पेडल कुणाला ठाऊक असल्यास आमच्या मंडळाला कळवावं. नऊ व्होल्टवर चालणारं असावं. पाटावर चार बोटं जागा आहे.