दोन तालुके पुरेत

मुक्त लेखन करू पाहणाऱ्या तरुणांचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या विषयात मुरावं? आरोग्य, पर्यावरण, शेती, पर्यटन अशी यादीही तयार असते. माझं म्हणणं, यादी बाजूला ठेवा आणि पालघर जिल्ह्यातले जव्हार-मोखाडा हे दोन तालुके घ्या. निदान पाच वर्षं दुसरीकडे बघू नका.

या तालुक्यांवर कोणी लिहीत नाही, असं अजिबात नाही. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर मुलं दगावली, तेव्हा राज्यभर मथळे झाले. 2016 मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनंतर पुन्हा मंत्री आले, कॅमेरे आले. एरवी पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा छापून येतो आणि मे महिन्यात रिकामे हंडे. पण दर वेळी लिहिणारा नवा असतो आणि आधीच्याने काय लिहिलं, हे त्याने वाचलेलं नसतं. आरोग्यावर लिहिणारा मूल बघून परततो, पाण्यावर लिहिणारा विहीर बघून, पर्यटनावर लिहिणारा जव्हारच्या मुकणे संस्थानिकांचा राजवाडा बघून. कुपोषणाच्या लाल श्रेणीतलं मूल, विहिरीवर ताटकळणारी आई आणि भिवंडीच्या वीटभट्टीवर गेलेला बाप एकाच घरातले असतात. हे घर अख्खं कोणी लिहायचं?

इथलं वर्ष बघा. पावसाळ्यात भात, नागली, वरई. पीक हाती येण्याआधीच्या दिवसांत कणगी रिकामी होते. नेमका तोच काळ आवणीच्या कष्टाचा आणि आजारपणाचा. मग कापणी, मग दिवाळी. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे निघतात, भांडीकुंडी आणि पोरांसकट. काही नाशिकच्या द्राक्षबागांत जातात. शिमग्याला जमेल तो घरी येतो, बाकीचे पावसाच्या तोंडावर.

आता आपल्या मराठी लेखकाचं वर्ष बघा. दिवाळी अंकाचा लेख पावसाळ्यातच द्यायचा असतो. म्हणजे सर्वांत मोठा, सर्वांत निवांत लेख तो पाडा भरलेला असताना लिहितो. अंक वाचकाच्या हातात पडतो त्या सुमाराला पाड्यातल्या घरांना कुलपं लागायला सुरुवात होते. मार्गशीर्षात त्या कुलपांकडे बघायला कोण जातं? पत्रकार पी. साईनाथांनी 1993 मध्ये फेलोशिप घेऊन देशातले सर्वांत गरीब जिल्हे पालथे घातले, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न धरला होता: शेतीचं काम नसतं त्या दिवसांत गरीब माणूस काय करतो? दुष्काळ जाहीर होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. गोदावरी परुळेकर 1945 पासून वारली आदिवासींमध्ये राहिल्या आणि त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 मध्ये आलं. इतका धीर आज कोणी मागत नाही. पाच वर्षं मागतो आहे.

मुरणं म्हणजे काय, ते अंगणवाडीत कळतं. ताईंकडे मुलाच्या दंडाचा घेर मोजायची एक पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, 12.5 च्या खाली पिवळा, त्याच्या वर हिरवा. ही पट्टी कशी धरतात, सैल धरली तर आकडा कसा फुगतो, हे ज्याने उकिडवं बसून पाहिलंय त्याला तालुक्याच्या अहवालातला आकडा वाचता येतो. बाकीचे तो उतरवून घेतात. तीच गत मृत्यूच्या कारणाची. कागदावर न्यूमोनिया असतो, जन्मावेळचं कमी वजन असतं, जंतुसंसर्ग असतो. कुपोषण हा शब्द फारसा नसतोच. मग विधिमंडळाच्या सभागृहात कोणीतरी उठून सांगतं की कुपोषणाने एकही मृत्यू झालेला नाही. अशक्त मुलाला साधा न्यूमोनियाही पेलत नाही, हे तेव्हा त्याच मुलाच्या आधीच्या सहा महिन्यांच्या वजनांसकट मांडणारा माणूस हवा. एका दिवसाच्या दौऱ्यात ती वजनं हाती लागत नाहीत.

पाण्याचंही तसंच. मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणाचं धरण आहे, पाणी अडवून उभं. ते पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. हे वाक्य शंभर वेळा लिहून झालंय आणि त्याने काही हललेलं नाही. कोणत्या पाड्याची योजना कोणत्या वर्षी मंजूर झाली, टाकी बांधली तर जलवाहिनी कुठे अडली, विजेचं बिल कोणी थकवलं, हे पाड्याचं नाव घेऊन विचारलं की अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि पोटाचं काय? सुरुवातीला भाषांतर करा, मुद्रितशोधन करा, लाजू नका. पण संपादकांनाही स्वच्छ सांगायला हवं: शब्दांवर मानधन देता, मुक्कामावर देत नाही, म्हणूनच तुम्हाला दौऱ्याचे लेख मिळतात. एसटीचं भाडं आणि जव्हारमधल्या खोलीचं महिन्याचं भाडं द्या, वर्षभर एकाच माणसाकडून लिहून घ्या.

पहिलं काम कोणतं, असं विचाराल तर हे घ्या. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचा माग ठेवण्यासाठी शासनाने संगणकीय यंत्रणा आणली आहे. गावच्या अंगणवाडीतलं मूल भट्टीजवळच्या अंगणवाडीत दिसावं, हा तिचा हेतू. एक पाडा निवडा. दिवाळीनंतर गेलेल्या मुलांची यादी ताईंच्या मदतीने करा आणि ती घेऊन भिवंडीच्या भट्ट्यांवर जा. तिथल्या अंगणवाडीत किती नावं सापडतात, ते मोजा. मूल नावानिशी छापू नका, आकडा मात्र छापा, आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा जा.