तेल लावून येऊ नये

मी ईईजी काढतो, म्हणजे मेंदूचा आलेख, असं सांगितलं की समोरचा आधी जरा मागे सरकतो. मग हळूच विचारतो, "मनातलं सगळं दिसतं?" नाही हो. डोक्यातलं तेल तेवढं दिसतं.

परवा एक आजी आल्या. तेल लावू नका, असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. "डोक्याचीच तपासणी, म्हणून चांगलं वाटीभर थापलंय," आजी म्हणाल्या. त्यावर माझ्या वायरी चिकटेनात. शेवटी केस पुसले, टेपनं डोकं मोजलं, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि पेस्ट लावून 21 वायरी बसवल्या. आजींनी आरशात पाहिलं. "लग्नात मुंडावळ्यासुद्धा एवढ्या नव्हत्या!"

मशीन सुरू केलं, तर पडद्यावर नुसता धुरळा. आजी मनातल्या मनात जप करत होत्या. मनातल्या मनात म्हणजे ओठ हलवून. डोक्याच्या कातडीपर्यंत पोचणारी मेंदूची वीज जेमतेम 10-100 मायक्रोव्होल्ट. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. त्यात जबडा हलला की मंडळाच्या स्पीकरशेजारी कुजबुज ऐकायची गत.

"आजी, जप थांबवा."

"देवाच्या नावानं बिघडतं तुझं मशीन?"

"देवाच्या नावानं नाही, गालातल्या सुपारीनं."

सुपारी निघाली. मग 3 मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगितलं. "लिफ्ट बंद होती. जिन्यातच घेऊन आलेय," असं उत्तर आलं. तरी घेतले बिचारीनं.

अखेर डोळे मिटून आजी निवांत पडल्या आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांत अल्फा लहरी उमटल्या, सेकंदाला 8 ते 13 मधल्या, शिस्तीत. डोळे उघडले की गायब. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरानं माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख 1924 मध्ये घेतला. त्यानंच या लहरींना नाव दिलं. त्याच्याकडे आलेले लोक तेल लावून येत होते का, कोण जाणे.

वायरी काढताना नातू म्हणाला, "फिट आली तेव्हा लगेच चप्पल हुंगवली." आजींनी डोळे वटारले. "कोणाची?"

तेव्हा तपासणीला येताना केस धुवून, कोरडे करून या. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा. चप्पल पायातच राहू द्या.