मण्याचं कुलूप

24 गुणिले 4 म्हणजे 96. स्टेपनी धरली तर 120.

हा हिशेब प्रस्तुत लेखकाने डेन्व्हरमधल्या राहत्या घरी, रात्री साडेबारा वाजता, वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर केला. मोजत होता बोल्ट. टॅकोमा पिकअपला बीडलॉक चाकं घ्यायची की नाही, हा प्रश्न त्याला तीन महिने छळत होता. एकेक चाक सुमारे 500 डॉलरच्या घरात. ऑफिसच्या पार्किंगमध्ये चाकाभोवती झळकणारं बोल्टांचं कडं पाहून सहकारी काय म्हणतील, हा विचार मात्र फुकट होता आणि तोच जास्त वेळ चालला होता.

टायरच्या काठात पोलादी तारांचं वेटोळं असतं. तो काठ म्हणजे बीड. आतली हवा त्याला डिस्कवर दाबून धरते. खडकावर चढताना हवा कमी करतात, मग टायर पसरतो आणि पकड घेतो. फारच कमी केली, तर आडव्या धक्क्याने काठ निसटतो आणि गाडी भस्सकन बसते. बीडलॉकमध्ये बाहेरून एक कडं बोल्टांनी आवळून काठ चिमटीत पकडलेला असतो. बहुतेक चाकांत हा बंदोबस्त फक्त बाहेरच्या काठाला. आतला काठ नेहमीसारखाच हवेच्या भरवशावर. म्हणजे पुढच्या दाराला 24 कड्या आणि मागचं दार नुसतं लोटलेलं.

"बीड म्हणजे मणी ना?" सौभाग्यवतींनी विचारलं. "मण्याचं कुलूप! 120 कशाला, 108 घ्या. फिरवता फिरवता जप तरी होईल."

जप करावाच लागतो. हे बोल्ट टॉर्क पान्याने, समोरासमोरचे धरून, थोडे थोडे आवळत न्यायचे. थोडं अंतर चालवलं की पुन्हा तपासायचे आणि पुढेही अधूनमधून तपासत राहायचं. टायरच्या पुष्कळ दुकानांत अशा चाकाला हात लावत नाहीत. वजन वाढतं, बॅलन्सिंगची कटकट होते. कायद्याचं म्हणाल, तर अमेरिकेचं वाहतूक खातं चाकांना मंजुरीचा शिक्का देतच नाही, मानकं पाळल्याची हमी उत्पादकाने स्वतः द्यायची. आणि बीडलॉकचे बरेच उत्पादक स्वतःच लिहून मोकळे होतात, की हे रस्त्यासाठी नाही. लेखक मात्र रस्त्यावरच राहतो. रोज जाऊन-येऊन 44 मैल, त्यातले बहुतेक आय-25 वर. शनिवारी कॉस्टको. भाद्रपदात मंडळाचं मखर.

इथे धावेबद्दल बोललं पाहिजे. बोललं नाही तरी चालेल, पण लेखकाला राहवत नाही. वाईजवळच्या त्याच्या गावी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची, ती एकाही बोल्टाशिवाय. लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायचा. गोवऱ्यांचा गोल रचून त्यात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की फुगायची. मग चौघांनी सांडशींनी उचलून चाकावर बसवायची, वरून घण. लाकडाचा धूर, जळका वास, आणि लगेच घागरीमागून घागर पाणी. चर्रर्र! धाव आकसायची, तसे आरे तुंब्यात करकरत घट्ट व्हायचे. पोरं डोळे चोळत उभी असायची. तेव्हा सहा वर्षांच्या लेखकाला वाटायचं, जगात यापेक्षा थोर इंजिनिअरिंग नाही. पुढे पदवी घेऊनही मत फारसं बदललेलं नाही. त्या चाकात दाखवायला काहीच नव्हतं. सगळी पकड आतल्या आत.

बीडलॉक ज्यांना खरोखर लागतं, असे लोक आहेत. कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत 2007 पासून 'किंग ऑफ द हॅमर्स' ही शर्यत होते. तिथल्या दगडांवर हवा अगदी उतरवून चढणाऱ्यांना त्या कुलपाची चैन नव्हे, गरज असते. लेखक अडीच वर्षांत चारदा रस्ता सोडून गेला. तीनदा जवळच्या डोंगरात आणि एकदा युटामधल्या मोॲबला, जिथे 1967 पासून ईस्टर जीप सफारी भरते. सगळ्यात कमी हवा ठेवली ती 18 पौंड. टायर जागचा हलला नाही. हलली ती मागच्या सीटवरची चिवड्याची बरणी.

खरा संताप नंतर आला. पार्किंगमधल्या ज्या गाडीचा हेवा करत तीन महिने गेले, तिच्याजवळ तो एकदा बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकला. बोल्ट खोटे होते. बीडलॉकसारखं दिसणारं, काहीही न आवळणारं चाक! अशी शोभेची चाकं राजरोस विकली जातात. फोर्ड ब्रॉन्कोच्या सॅसक्वॉच पॅकेजमध्येही चाक असतं ते 'बीडलॉक-केपेबल', म्हणजे तयारी आहे, आवळणारं कडं तुम्ही नंतर बसवायचं. लेखक चिडला, कारण खोटे बोल्ट त्यालाही तितकेच आवडले होते.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने वडिलांना, म्हणजे तात्यांना, खऱ्या बीडलॉकचा फोटो दाखवला. तात्यांनी 27 वर्षं पुणे-बंगळूर हायवेला ट्रक चालवला. चष्मा वर सरकवून ते बराच वेळ बघत राहिले.

"रिंगचं चाक आहे होय," ते म्हणाले. "हवा भरताना समोर उभा राहू नकोस."

जुन्या ट्रकच्या डिस्कला वेगळी लॉक रिंग असायची. नीट बसली नाही, तर हवा भरताना ती तोफगोळ्यासारखी सुटायची. अमेरिकेत 1980 साली असल्या चाकांच्या दुरुस्तीसाठी सरकारी नियम झाला, त्यात कामगाराने रिंगच्या माऱ्याबाहेर राहावं असं लिहिलं आहे. तात्यांनी तो वाचलेला नव्हता. त्यांनी एका ढाब्याशेजारी एक पंक्चरवाला पाहिला होता. तो काय अवस्थेत होता, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मात्र हवा भरायची वेळ आली, की लहानग्या लेखकाला खांद्याला धरून ट्रकच्या मागे नेऊन उभं करायचे. त्याला वाटायचं, तात्या आपल्याला गंमत बघू देत नाहीत.

चाकं घेतली नाहीत. एक छोटा कॉम्प्रेसर घेतला.

पाचव्या फेरीला, उतारावरून खाली येऊन तो टायरमध्ये 18 वरून 35 पौंड हवा भरत होता. साधीच डिस्क, ना रिंग ना बोल्ट. लेक काटा वाचायला चाकासमोर उकिडवी बसली होती. लेखक उठला आणि खांद्याला धरून तिला टेलगेटमागे घेऊन गेला.

"बाबा, मला बघायचंय!"

कॉम्प्रेसर घरघरत राहिला.