ग्रे स्पॉट

नागपूरच्या ‘आपली बस’मधल्या काही गाड्यांना समोरच्या काचेशी एक कॅमेरा बसवला गेला. २०२१च्या सप्टेंबरात इथं ‘आयरास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी अशी बडी मंडळी त्यात होती. पुढची गाडी फार जवळ आली, कुणी मध्येच रस्त्यात उतरलं, की यंत्र चालकाला बीप करून सांगतं. शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबणारे वडीलच म्हणा ना! धरमपेठेत, संध्याकाळी, लक्ष्मीभुवन चौकात त्याचं काय होत असेल, याची मला खरीच काळजी वाटते. इथं इंडिकेटर उजवीकडचा, मान डावीकडे आणि गाडी सरळ.

पण या यंत्राची खरी हुशारी पुढे आहे. सरकारी व्याख्येत ब्लॅक स्पॉट म्हणजे महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, जिथं ३ वर्षांत ५ गंभीर अपघात झाले किंवा १० माणसं गेली. म्हणजे आधी माणसं मोजायची, मग फलक. बसमधली बीप मात्र जिथं वारंवार वाजते, ती जागा ‘ग्रे स्पॉट’. अजून काही झालेलं नाही, होता होता राहतंय.

हे कळल्यापासून धरमपेठेतली दुकानं मी त्याच नजरेनं बघतो. टायपिंग इन्स्टिट्यूट हा जुना ब्लॅक स्पॉट. टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा २०१७मध्ये संपली आणि तिसाचा-चाळिसाचा स्पीड मिरवणारी बोटं गप झाली. फलक लागला तो नंतर. आता एआय आलंय, आणि ग्रे स्पॉट पावलोपावली. नोट्स विकणारा क्लास, पासपोर्ट फोटोतले डाग पुसणारा स्टुडिओ, इंग्रजी अर्ज लिहून देणारे निवृत्त साहेब. (साहेबांना हे कुणी सांगू नये. ते त्याचंही उत्तर इंग्रजीत लिहून देतील.)

सगळ्यात करडा ठिपका आमच्या गल्लीतला डीटीपीवाला. पूर्वी लग्नपत्रिकेचा गणपती, वेलबुट्टी, मजकूर, सगळं त्याच्याकडे. आता लोक फोनवर पत्रिका तयार करूनच येतात. मोर, कमळं, सोनेरी कमानी, आणि मजकूर असा गुळगुळीत की नवरदेव कंपनीत रुजू होतोय असं वाटावं. याच्याकडे उरली फक्त प्रिंट.

परवा एक काकू अशीच पत्रिका घेऊन आल्या. यानं ती वरून खाली वाचली आणि माउस सोडला.

“काकू, मोठ्या आत्यांचं नाव नाही यात.”

“अगं बाई!”

“मागच्या लग्नात काय झालं होतं, विसरल्या का?”

“टाका नं भाऊ, आधी टाका! मामांच्या वर टाका.”

“मामांच्या वर नको, काकू. मामा पण येणार आहेत नं.”

बऱ्याच वाटाघाटींनंतर आत्याबाई काकांच्या शेजारी, पण किंचित मोठ्या अक्षरात बसल्या. भाऊनं हिशेब केला आणि फक्त प्रिंटचे पैसे घेतले.